तेवीस ठिकाणं, आठ रात्री आणि पाण्याची भीती

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. वय ५६. यजमान साखर कारखान्याच्या लॅबमधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू सिडनीला. येत्या जुलैत दोघं तिकडे तीन महिन्यांसाठी चालले आहेत. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसानिमित्त मुलाने त्यांच्यासाठी सिडनीहून फिजीला आठ रात्रींची सहल ठरवली आहे. यजमानांनी व्हिडिओ पाहून ‘फिजीत पाहायलाच हवीत’ अशा तेवीस ठिकाणांची यादी केली. ती आता एक्सेलमध्ये आहे आणि प्रत्येक ठिकाणापुढे टिक करायला चौकोन आहे. “पोरगं एवढे पैसे घालतंय, तर एकही सुटता कामा नये,” हे त्यांचं म्हणणं. बाईंना पोहता येत नाही. २०१९ च्या पुरात घरात छातीइतकं पाणी आलं होतं, तेव्हापासून पाण्याची भीती आहे. घर शाकाहारी. गेल्या वर्षीच्या दहा दिवसांत सात देशांच्या सहलीतलं त्यांना “बस, घाई आणि पैसे देऊन जायचे संडास” एवढंच आठवतं. त्या विचारतात, “गुडघ्यांचं निमित्त काढून नातवापाशी सिडनीलाच राहू का? पाण्यात न उतरणाऱ्या बाईने फिजीला जाऊन करायचं तरी काय?”

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. पाण्याच्या भीतीचा उल्लेख त्यात एकदाच आला आहे. ‘घाई’, ‘पळापळ’, ‘दमछाक’ हे शब्द मिळून सात वेळा. पूर दारात आलेला नव्हे, घरात आलेला तुम्ही पाहिला आहे, त्यामुळे ती भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण सिडनीला मागे राहावंसं वाटतंय ते समुद्रामुळे की त्या एक्सेलमुळे, हे एकदा स्वतःशीच बघा. समुद्रावर काही उपाय मला सुचवता येतील. एक्सेलचं मात्र तुम्हालाच बोलावं लागेल.

आधी गुडघ्यांचं निमित्त निकालात काढू. ते नको. खोटं बोलणं वाईट म्हणून नव्हे. एकदा गुडघे दुखतात म्हणालात की पुढचे तीन महिने सिडनीत नातवामागे धावताना तुम्हाला लंगडावं लागेल. शिवाय मुलगा लगेच डॉक्टरची वेळ घेईल. जायचं नसेल तर ‘मला जायचं नाही’ हे पुरेसं कारण आहे. पण ते न जाण्यासाठी वापरायचं की यादीतल्या वीस ठिकाणांसाठी, हे खालचं वाचून ठरवा.

मी फिजीला एकदाच गेले आहे आणि मलाही पोहता येत नाही. लहानपणी मामाने पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं होतं. डबा सुटला, मला काढलं, आणि तेव्हापासून मी आणि पाणी एकमेकांना लांबून ओळखतो. तरी त्या आठवड्यात मी रोज पाण्यात होते. कशी ते सांगते, पण त्याआधी थोडा भूगोल, कारण तुमच्या यजमानांच्या यादीतली अर्धी अडचण तिथेच आहे.

विमान उतरतं ते ‘नादी’ला नव्हे, ‘नांदी’ला. फिजियन भाषा रोमन लिपीत लिहिताना ‘डी’ हे अक्षर ‘न्द’साठी वापरतात, ‘बी’ म्हणजे ‘म्ब’ आणि ‘सी’ म्हणजे ‘थ’. ‘क्यू’ आणि ‘जी’ यांचा उच्चार ‘ंग’च्या जवळचा. म्हणून यादीत जी ‘बेका’, ‘ममानुका’, ‘सिगाटोका’ दिसतात ती प्रत्यक्षात म्बेंगा, ममानुथा आणि सिंगातोका आहेत. टॅक्सीवाल्याशी बोलताना उपयोग होतो. आणि नाटकाच्या गावातल्या माणसाला प्रवासाची सुरुवात नांदीने व्हावी, याचं मला उगाचच बरं वाटलं.

फिजी म्हणजे एक गाव किंवा एक किनारा नव्हे. तीनशेहून अधिक बेटं आहेत आणि त्यातल्या शंभराच्या आसपास बेटांवर वस्ती आहे. नांदी, लौटोका, सिंगातोका आणि राजधानी सुवा ही सगळी व्हिती लेवू या सर्वांत मोठ्या बेटावर. ममानुथा ही चिमुकली बेटं नांदीच्या समोर, बोटीने एक-दोन तासांत जाऊन संध्याकाळी परतता येतं. त्यांच्या वर यसावा ही लांबलचक रांग. तिच्या टोकाला जायचं तर सकाळी निघालेली बोट दुपारी पोचते. तावेउनी हे हिरवंगार बेट पार दुसऱ्या बाजूला, त्यासाठी छोटं विमान. लेवुका हे जुन्या राजधानीचं गाव आणखी वेगळ्या बेटावर, सुवाच्या पलीकडे. तुमच्या यजमानांनी आठ रात्रींत ही सगळी घातली आहेत. वर एकोणिसाव्या क्रमांकावर बोराबोरा आहे! बोराबोरा फिजीत नाही. ते फ्रेंच पॉलिनेशियात, नांदीहून तीन हजार किलोमीटरपेक्षाही लांब, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी याहून जास्त. मध्ये तारीखरेषा, त्यामुळे तिथे पोचल्यावर आदल्या दिवसाची तारीख असते. व्हिडिओत निळं पाणी आणि गवती छपराची खोपटी सगळीकडे सारखीच दिसतात, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण यादी तेवीसवरून बावीसवर आणायला हे पहिलं, भांडण न होणारं नाव आहे.

आता ‘पैसे वसूल’ या मुद्द्याकडे येऊ. वसूल कशाने होतात? युरोपात तुम्ही सात देश पाहिले. टिकच्या हिशोबात ती सहल उत्तम झाली, आणि तुम्हाला आठवतात संडास. म्हणजे पैसे गेलेच, दर ठिकाणी थोडे थोडे. फिजीत तर हे गणित आणखी महाग पडतं. तिथे दोन ठिकाणांच्या मध्ये बस नसून बोट किंवा विमान असतं, आणि प्रत्येक बदलात अर्धा दिवस जातो. सामान बांधा, खोली सोडा, धक्क्यावर थांबा, बोटीत चढा, पुन्हा खोली मिळेपर्यंत ओसरीत बसा. आठ रात्रींत पाच मुक्काम केले तर तुम्ही फिजी बघायला गेला होता की बॅगा, असा प्रश्न पडेल.

पण यजमानांना यादीवरून बोल लावण्याआधी एक विचार करा. जो माणूस आयुष्यभर गळीत हंगामाच्या तालावर जगला, ऐन थंडीत ज्याला कधी रजा मिळाली नाही, दर तासाला रसाचा ब्रिक्स आणि पोल, म्हणजे रसातल्या साखरेचे आकडे, वहीत लिहिणं हेच ज्याचं काम, त्याला निवृत्तीनंतर मोकळा दिवस भरायचा कसा हे कुणी शिकवलेलं नसतं. चौकोन भरणं त्याला येतं. ती यादी हा मला हट्ट वाटत नाही, सवय वाटते. आणि मजा अशी की ज्या एका ठिकाणी तुमचे हे अख्खा दिवस हरवून जातील, तेच यादीत नाही.

लौटोका. नांदीहून बसने तास-पाऊण तास. तिथला साखर कारखाना १९०३ पासून चालू आहे. फिजीत गळीत साधारण जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चालतं. म्हणजे आपल्याकडे आषाढात बॉयलर थंड आणि दुरुस्त्या चालू, तेव्हा तिकडे हंगाम ऐन भरात! दोन फूट रुंदीच्या रुळांवरून उसाच्या वाघिणी ओढणारी छोटी इंजिनं अजून धावतात. ती हमरस्त्यालाच आडवी जातात आणि मोटारी थांबून राहतात. मी लौटोकाला उतरले ती बाजारासाठी. वारा फिरला आणि मळीचा तो आंबूस-गोड वास आला. क्षणभर कळेचना की आपण आहोत कुठे. कारखान्याच्या आत सोडतील असं धरून चालू नका. पण फाटकाबाहेर उसाने भरलेल्या ट्रकांची रांग असते, आणि चालकांपैकी बरेच जण हिंदी बोलतात. टनेज, उतारा, भाव कधी मिळतो, मिळतो का, हे विषय काढायला तुमच्या यजमानांना कुणी ओळख करून द्यावी लागणार नाही.

हे हिंदी बोलणारे लोक तिथे आले कसे, तेही त्या उसातच आहे. १४ मे १८७९ ला ‘लिओनिडास’ हे जहाज पहिले मजूर घेऊन फिजीला लागलं. १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसं कराराने नेली गेली, आधी कलकत्त्याहून आणि १९०३ पासून मद्रासहूनही. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं. गिरमिट म्हटलं की तुम्हाला सुताराचं हत्यार आठवेल, नाहीतर हुबळीकडचे चुरमुरे. तिथे तो शब्द म्हणजे पाच वर्षांची मजुरी आणि तीन माणसांना मिळून दहा बाय सातची खोली. त्यांची पणतवंडं आज दुकानदार, शिक्षक, शेतकरी आहेत. त्यांची हिंदी अवधी-भोजपुरीच्या वळणाची, कानाला आधी मजेशीर लागते, मग गोड. सिनेमाच्या हिंदीवर तुमचं सहज निभावेल.

आता पाण्याचं.

पुराचं पाणी भयंकर असतं कारण ते कुठवर चढणार हे कुणालाच माहीत नसतं. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती अडलं, रात्रभर फोनवर तेच. फिजीच्या दक्षिणेला व्हिती लेवूचा जो किनारा आहे, त्याला कोरल कोस्ट म्हणतात, तिथला समुद्र वेगळा वागतो. किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाचा कट्टा आहे. लाटा तिथेच फुटतात. लांबवर पांढरी रेघ दिसते आणि गाज ऐकू येते, पण आतलं पाणी तळ्यासारखं. भरती-ओहोटीत फरक एक-दीड मीटरचा, आणि ओहोटी कधी लागणार याचा तक्ता हॉटेलच्या काउंटरवर लिहिलेला असतो. ओहोटीला त्या कट्ट्याच्या आत घोट्याइतकं, फार तर गुडघ्याइतकं पाणी उरतं.

मी रोज ती वेळ बघून निघायचे. पायात जुने रबरी बूट, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. वाळूच्या वाटेनेच चालायचं, प्रवाळावर पाय द्यायचा नाही. ते दगडासारखं दिसलं तरी जिवंत असतं, मोडतं, आणि आपल्यालाही कापतं. दुसऱ्या दिवशी एका उथळ डबक्यात निळा तारामासा दिसला. निळा म्हणजे शाळेच्या शाईच्या दौतीसारखा निळा. मी उकिडवी बसून दहा मिनिटं त्याच्याकडे बघत होते आणि तो एवढासुद्धा हलला नाही. मग पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं तेव्हा उठले. भरती लागली होती, तक्त्यात लिहिलेल्या वेळेला. त्या दिवसापासून पाण्याशी माझं थोडं बरं चाललंय.

त्याहून खोल काही पाहायचं असेल तर काचेच्या तळाच्या बोटी असतात. बसायचं आणि पायांखाली बघायचं. केस ओले होत नाहीत. आणि कॉस्च्यूमची काळजी तर नकोच. फिजियन बायका स्वतः समुद्रात ब्लाउज आणि सुलू, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, यातच उतरतात. पंजाबी ड्रेसमध्ये तुम्ही तिथे मुळीच वेगळ्या दिसणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. दोनच मुक्काम करा. सुरुवातीच्या तीन रात्री नांदीला, पुढच्या पाच कोरल कोस्टला सिंगातोकाच्या आसपास. या दोन्हींत रस्त्याने दीड-दोन तासांचं अंतर आहे, बोट लागत नाही. यजमानांच्या यादीतली निम्मी ठिकाणं एवढ्यातच येतात, त्यांना ते कळलं की बरं वाटेल.

नांदीत मुख्य रस्त्याच्या टोकाला श्री शिव सुब्रमण्यम स्वामींचं मंदिर आहे, द्राविडी पद्धतीचं, रंगीत गोपुर, छतावर चित्रं. आताचं बांधकाम १९९४ चं. देव म्हणजे मुरुगन, आपला कार्तिकस्वामी. आपल्याकडे बायकांनी त्याचं दर्शन घेऊ नये असं सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. तिथे दर्शनाला बायकाच जास्त होत्या, मीही गेले, काही झालं नाही. सकाळी लवकर जा, उन्हात फरशी तापते आणि पाय अनवाणी असतात. शहराबाहेर ‘स्लीपिंग जायंट’ डोंगराच्या पायथ्याशी ऑर्किडची बाग आहे. रेमंड बर या अमेरिकन नटाने १९७७ मध्ये आपल्या संग्रहासाठी ती सुरू केली. झाडांच्या सावलीतून फळ्यांची वाट आहे. गुडघे खरोखर दुखत असले तरी जमेल. जवळच सांबेतोची चिखलाची कुंडं आहेत, अंगाला चिखल फासून गरम पाण्यात बसायचं. लोक फोटोसाठी जातात. वज्रेश्वरी आणि उन्हेरे पाहिलेल्यांनी सोडलं तरी चालेल.

सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्या मात्र सोडू नका. फिजीचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९८९ मध्ये झालं. सिंगातोका नदी डोंगरातून गाळ आणते, समुद्र तो परत किनाऱ्यावर फेकतो आणि वारा उचलून टेकड्या रचतो, असं हजारो वर्षं चालू आहे. वारा मध्येच वाळू हलवतो आणि खालून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांचे तुकडे वर येतात. ते लापिता लोकांचे, बोटींतून हा सगळा महासागर वसवत गेलेल्या माणसांचे. तुकडा दिसला तर उचलायचा नाही, तिथेच राहू द्यायचा. चालायच्या दोन वाटा आहेत, एक छोटी आणि एक लांब. सकाळी आठला छोटी घ्या. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला महासागर आणि मधल्या वाळूवर आपण. मला फिजीतलं सगळ्यांत आवडलेलं दृश्य हेच, आणि त्याला पोहता यावं लागत नाही.

सुवाला एक दिवस जाऊन या, मुक्काम नको. तिकडची बाजू पावसाची, नांदीची कोरडी, छत्री घ्या. थर्स्टन बागेतल्या फिजी म्युझियममध्ये ‘बाउंटी’ या बंडामुळे गाजलेल्या जहाजाचं सुकाणू आहे. १८६७ मध्ये डोंगरातल्या गावकऱ्यांनी मारून खाल्लेल्या बेकर नावाच्या मिशनऱ्याच्या बुटाचा तळही आहे. नातवाला सांगायला ही दुसरी गोष्ट थोडी मोठा झाल्यावर. गिरमिटियांचं दालन तिथेच, त्यासाठी वेळ राखून ठेवा. लेवुका २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, मला पाहायचंच होतं, पण या आठ दिवसांत ते बसत नाही. तावेउनीचे धबधबे आणि १८० अंश रेखावृत्ताची पाटीही नाही. यादीतून नाव काढताना ‘कधीच नाही’ म्हणू नका, ‘या खेपेला नाही’ म्हणा. माणसं तेवढ्यावर तयार होतात.

एखादं फिजियन गावही बघून या, हॉटेलवाले घेऊन जातात. जाताना बाजारातून यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घ्यायची आणि ती गावच्या प्रमुखापुढे ठेवायची. या रीतीला सेवूसेवू म्हणतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, डोक्यावर टोपी किंवा गॉगल नको, आणि लाडाने मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायचा नाही, ते अपमानाचं मानतात. ही शेवटची गोष्ट आपल्याला फार जड जाते. मग त्याच मुळ्यांची पूड पाण्यात कालवून लाकडी परातीतून नारळाच्या करवंटीत देतात. एक टाळी वाजवायची, ‘बुला’ म्हणायचं, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. दारू नव्हे, पण जीभ बधिर होते. चव पुराच्या पाण्यात मिरी भिजवल्यासारखी, आणि मिरीच्याच कुळातली वनस्पती आहे ती. झोपेचं किंवा यकृताचं काही औषध चालू असेल तर ओठाला लावून परत द्या, कुणी रागावत नाही.

खाण्यापिण्याची तुमची चिंता बरीच कमी होईल. तिथल्या भारतीय खानावळींत डाळ, रोटी, भाजी मिळते. बाजारात अळूचे एवढे मोठे ढीग मी कोकणातही पाहिले नाहीत. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवली की ‘रोउरोउ’, म्हणजे आपलं फदफदंच, शेंगदाणे आणि चिंच-गूळ वगळून. अळूवडीलाही तिथे भाऊ आहे, त्याला ‘सैना’ म्हणतात. फक्त ‘पालूसामी’ मागवताना विचारा; तेही अळूच्या पानातलंच, पण आत बरेचदा डब्यातलं गोमांस असतं.

आता तुम्ही लिहिली नाहीत ती गोष्ट. यजमानांना बोटीने यसावात जायचंय, गुहेत पोहायचंय, जॅकेट घालून मासे बघायचेत. जाऊ द्या ना! एक दिवस ते बोटीवर आणि तुम्ही किनाऱ्यावर पुस्तक घेऊन. पस्तीस वर्षं झाली म्हणून आठही दिवस जोडीनेच काढायला हवेत असं कुठे लिहिलंय? तुम्ही मागे राहायला सिडनी निवडली, कारण ‘सोबत असूनही वेगळं’ हा पर्याय तुमच्या डोक्यातच आला नाही. बहुतेक जोडप्यांच्या येत नाही. संध्याकाळी ते आले की बोलायला काहीतरी नवं असेल, दोघांकडेही.

त्यांच्याशी बोलायचं ते मुलासमोर नको. टीव्ही चालू असताना तर नकोच. यादी छापून घ्या आणि विचारा, “यातली कुठली चार आपण पाच वर्षांनी नातवाला सांगू?” त्यांना चारांवर खूण करू द्या. मग तुम्ही तीन सांगा. तुमची स्वतःची तीन, त्यांच्यातली नव्हे. पत्रात तुम्ही लिहिता, “मला कुणी विचारलंच नाही.” खरं आहे. पण पूर्ण पत्रात तुम्हाला काय बघायचंय याची एकही ओळ नाही, फक्त काय नकोय तेच आहे. उद्या त्यांनी विचारलंच तर उत्तर तयार हवं. लौटोका तुमच्या तिनांत घाला, ते त्यांना अनपेक्षित असेल.

व्यवहाराचं थोडं, इतर वाचकांसाठीही. मे ते ऑक्टोबर कोरडा आणि जरा थंड काळ, नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचा आणि चक्रीवादळांचा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सिडनीकडच्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा दर चढतात. महिनाअखेर बघा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा अनेकदा प्रवेश देणारा आहे ना, हे आजच तपासा. एकदाच प्रवेशाचा असेल तर फिजीहून परत सिडनीला शिरताना अडचण होईल. भारतीय पासपोर्टला फिजीत आगाऊ व्हिसा लागत नाही, विमानतळावर परवाना देतात. तरी तिकिटाआधी नियम पुन्हा वाचा. जे भारतातून थेट जाणार त्यांना सरळ विमान नाही, सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून जाणं सोयीचं. ज्यांना पोहता येतं, डायव्हिंग येतं, त्यांनी माझा सल्ला बाजूला ठेवून यसावा किंवा तावेउनी यांपैकी एकच निवडावं आणि तिथेच राहावं. आणि सगळ्यांनीच एक रविवार मोकळा ठेवावा. त्या दिवशी दुकानं बंद, बस कमी. गावातल्या चर्चबाहेर उभं राहून गाणं ऐकायचं, चार सुरांत, पेटीशिवाय.

फिजी आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे खाद्यपदार्थ, बिया, लाकडी वस्तू अर्जावर लिहाव्या लागतात, नाहीतर दंड. तेव्हा मुलासाठी लोणचं नेणारच असाल तर त्याची बरणी अर्जावर दाखवा, आणि फिजीच्या बॅगेत मात्र ती घालू नका. सिडनीतच संपवा.